चार शनिवार, चौदा मुलं आणि ‘मान्यवर’

आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकाचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. दर महिन्याला दोन कार्डशीट, चार रंगांचे स्केचपेन आणि मुलांनी घरून लिहून आणलेल्या बातम्या, त्यातल्या निम्म्या आईच्या अक्षरात. मथळे मीच द्यायचे. ‘वृक्षारोपण उत्साहात संपन्न’, ‘विज्ञान प्रदर्शनास उत्स्फूर्त प्रतिसाद’, ‘शालेय क्रीडा स्पर्धेत घवघवीत यश’. अकरा वर्षांत माझ्या शाळेत एकही कार्यक्रम निरुत्साहात झालेला नाही, असं त्या भिंतीवरून वाटेल.

शिवाय दहावीच्या मराठीच्या पेपरात बातमीलेखन असतं. कार्यक्रमाचा तपशील दिलेला असतो, त्यावरून बातमी तयार करायची. आम्ही शिकवतो कसं? शीर्षक, मग ‘आमच्या वार्ताहराकडून’, मग ठिकाण-तारीख, मग कोण अध्यक्ष, कोण पाहुणे, शेवटी आभारप्रदर्शन. साचा पाठ झाला की गुण मिळतात. मीसुद्धा तेच शिकवत आले, उगाच सोवळेपणा करत नाही.

त्यामुळे मे महिन्यात शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी मथळा व फोटोओळ लेखन कार्यशाळा’ असं पत्रक आलं तेव्हा आधी हसू आलं. मथळ्याची कार्यशाळा? पाच शब्दांसाठी चार शनिवार? फी मुलामागे ७५० रुपये, दहापेक्षा जास्त मुलं एकाच शाळेची असतील तर ६००. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, दुपार मोकळी. जून-जुलैमध्ये चार शनिवार, ३ ते ६. नववीची अकरा आणि आठवीची तीन अशी चौदा मुलं तयार झाली आणि त्यांच्याबरोबर मी. शिक्षकाला फी नाही, पण खुर्ची मागच्या रांगेत.

जागा गावभागात, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, कठडा हलणारा. खालच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर एक तपकिरी रेघ आहे, २०१९ च्या पुराची. सांगलीत अशा रेघा कुणी मुद्दाम पुसत नाही. वरचा हॉल बरा, पण पंखे दोनच आणि मुलं बत्तीस. आमची चौदा, बाकी इतर शाळांची. पत्रकावर ‘मर्यादित प्रवेश’ लिहिलं होतं. मर्यादा बहुधा खुर्च्यांची होती.

शिकवणारे दोघे. एक निवृत्त उपसंपादक, आयुष्यभर रात्रपाळी केलेले. दुपारी तीन वाजता अजूनही नुकतेच उठल्यासारखे दिसतात. दुसरे फोटोग्राफर, खांद्यावर बॅग आणि सतत दरवाज्यापाशी उभे. मुलांनी पहिल्या दिवशीच नावं पाडली: मथळेवाले सर आणि फोटोवाले सर. मीही तीच वापरते.

पहिल्या शनिवारी मथळेवाल्या सरांनी व्याख्या-बिख्या काही सांगितली नाही. वर्तमानपत्रातल्या चार बातम्या, वरचा मथळा कापून टाकलेला, प्रत्येकाच्या हातात. दहा मिनिटं. लिहा. मग त्यांनी बत्तीस कागद गोळा केले आणि न वाचता फळ्यावर लिहायला लागले: संपन्न, उत्साहात, एकच खळबळ, संतापाची लाट, बळीराजा हवालदिल, पर्दाफाश, थरार, घवघवीत. नंतर कागद चाळले. बत्तीसपैकी सव्वीस कागदांवर यातला एक तरी शब्द होता. मुलं हसली. मी हसले नाही, कारण माझी भिंत डोळ्यांसमोर आली.

‘हे शब्द वाईट नाहीत,’ सर म्हणाले, ‘फक्त ते कुठल्याही बातमीवर बसतात. कुठल्याही डोक्यावर बसणारी टोपी कुणाचीच नसते.’ ही वाक्यं त्यांनी आधी शंभरदा म्हटलेली असणार, हे कळत होतं. तरी चालेल.

त्यानंतरचा एक तास हा या सगळ्या कार्यशाळेतला माझ्या दृष्टीने सर्वांत कसदार तास. सव्वीस वर्षं मराठी शिकवते, पण क्रियापदाकडे असं पाहिलं नव्हतं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि मथळ्यात जागा कमी पडली की सगळ्यात आधी तेच गळतं. ‘ट्रक-जीप अपघातात दोन ठार, पाच जखमी’. ‘झाले’ कुठे आहे? नाही, आणि कुणाचं अडतही नाही. ‘एकाला अटक’, ‘प्रस्ताव मंजूर’, ‘गुन्हा दाखल’. क्रियापद गेलं की सगळा भार विभक्तीवर येतो. ने, ला, चा, कडून. आणि तिथेच घसरगुंडी. सरांनी फळ्यावर लिहिलं:

‘आजारी शिक्षकाची मुख्याध्यापकांकडून चौकशी’

मुख्याध्यापक सफरचंदं घेऊन दवाखान्यात गेले, की रजेचा अर्ज खोटा आहे म्हणून कागदपत्रं मागवली? मग ‘पोलिसांची मारहाण’. पोलिसांनी मारलं की पोलिसांना मारलं? षष्ठीचा ‘ची’ दोन्हीकडे बोट दाखवतो. मुलांना इतकी मजा आली की पुढचा अर्धा तास ती असेच दुहेरी मथळे जुळवत बसली. आमच्या नववीतल्या एकाने लिहिलं, ‘गणिताच्या बाईंची विद्यार्थ्यांना भीती’. हा दुहेरी नाही, सरळ आहे, असं सर म्हणाले. गणिताच्या बाई माझ्या मैत्रीण आहेत, त्यांना सांगितलेलं नाही.

जागेचा हिशोब त्यांनी चौकटीच्या वहीवर शिकवला. दोन कॉलमी मथळा, एका ओळीत सतरा घरं. अक्षराला एक घर, वेलांटी-मात्रा-कान्याला घर नाही, म्हणून ‘कि’ आणि ‘कौ’ सारखेच. जोडाक्षरालाही एकच घर, पण ‘श्री’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ अंग फुगवून बसतात, तेव्हा दीड धरा. दोन शब्दांमधल्या जागेला अर्धं. संगणकावर कुणी असं मोजत नाही, अक्षर लहान केलं की झालं. पण पूर्वी शिशाची सुटी अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवायचे तेव्हा मोठ्या टाइपातला खिळा दाबून लहान करता येत नव्हता. जुळारी खालून ओरडायचा, ‘साहेब, एक अक्षर काढा’, आणि वर बसलेल्या माणसाला ‘विद्यार्थ्यांची’ काढून ‘मुलांची’ करावं लागायचं. सरांनी एक शिशाचा खिळा फिरवायला दिला. उलटा ‘म’. आठवीतली आमची मुलगी तो बोटावर दाबून बराच वेळ ठसा बघत बसली. मला या मोजणीचा फायदा असा दिसला की मुलं आपोआप ‘च्या संदर्भात’, ‘या विषयावर’, ‘करण्यात आले’ असली भरताड टाकायला लागली. मी लाल शाईने सांगून जे होत नव्हतं, ते सतरा चौकटींनी केलं.

मग पुराची चिठ्ठी. चिठ्ठीत एवढंच: सकाळी ८ वाजता आयर्विन पुलाजवळ पाणी ३८ फूट ६ इंच, दुपारी २ वाजता ४० फूट ३ इंच, कोयनेतून विसर्ग वाढवला, इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. आकडे सरावापुरते, पण सांगलीच्या मुलांना त्यातला प्रत्येक शब्द पाठ. ही मुलं २०१९ ला दुसरी-तिसरीत होती. त्यातली दोन तर बोटीतून बाहेर पडलेली. मथळे आले ते असे: ‘कृष्णामाईचा रुद्रावतार’, ‘सांगलीकरांच्या काळजाचा ठोका चुकला’, ‘महापुराची टांगती तलवार’, ‘संथ वाहते…’ आणि पुढे प्रश्नचिन्ह.

सर काही बोलले नाहीत. त्यांनी त्या बोटीतून आलेल्या मुलाला विचारलं, ‘तुझ्या घरी त्या दिवसात सगळे एकमेकांना काय विचारायचे?’ तो म्हणाला, ‘आयर्विनला किती?’

‘मग तेच सांग की.’

वर्गाने मिळून शेवटी जो मथळा केला तो असा: ‘आयर्विनवर पाणी ४० फुटांवर, सहा तासांत पावणेदोन फूट वाढ’. उपमथळा: ‘कोयनेतून विसर्ग वाढवला, धोक्याची पातळी ४५’. यात रुद्रावतार नाही, काळजाचा ठोका नाही. पण गावभागातली बाई हे वाचून गहू माळ्यावर टाकायचे की अजून थांबायचं, ते ठरवू शकते. दर तासाला साडेतीन इंच, हा भागाकार मुलांनी स्वतःहून केला. मराठीच्या तासाला भागाकार मी पहिल्यांदाच पाहिला.

प्रश्नचिन्हावरून टिळक निघाले. सांगायची गरज नाही, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे मुलांना इतिहासातून माहीत असतं. केसरी, ६ जुलै १८९७. मुलांचा मुद्दा असा की टिळकांना चालतं तर आम्हाला का नाही? सरांनी चांगलं समजावलं. तो अग्रलेखाचा मथळा आहे. प्लेगच्या काळातली सरकारची वागणूक टिळक जाणून होते, मत ठरलेलं होतं, तो प्रश्न नव्हताच. बातमीच्या मथळ्यात प्रश्नचिन्ह आलं की बहुतेक वेळा अर्थ एवढाच, की बातमीदाराला उत्तर मिळालेलं नाही. मग त्यांनी १९०८ चा ‘देशाचे दुर्दैव’ फळ्यावर लिहिला. दोन शब्द. हा आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ अशा लेखांवरून खटला चालला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडाले. वर्गात शांतता पसरली. मथळ्याने माणूस तुरुंगात जाऊ शकतो, हे मुलांना एकदम आवडलं. वय तसलंच.

चुकलेल्या मथळ्याचा जगप्रसिद्ध नमुनाही दाखवला. ३ नोव्हेंबर १९४८ च्या शिकागो डेली ट्रिब्यूनचं पहिलं पान, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं, ‘ड्यूईने ट्रूमनला हरवले’. छापखान्यात संप, म्हणून पान लवकर सोडायचं होतं, निकाल पूर्ण यायच्या आधीच मथळा ठरला. निवडून आले ट्रूमनच, आणि दुसऱ्या दिवशी तेच पान हातात उंच धरून हसत असलेला त्यांचा फोटो निघाला. रात्रपाळीवाल्या माणसाने ही गोष्ट सांगताना मुलांपेक्षा स्वतःच जास्त हसावं, यात काही तरी होतं. विचारायचं राहून गेलं.

दुसरा शनिवार फोटोओळीचा. मला वाटलं होतं, हा जेमतेम तास-दीड तासाचा मजकूर. चुकलं माझं.

प्रत्येकाने एक फोटो आणायचा होता. मी शाळेच्या वार्षिकांकातला नेला, गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा. खाली माझीच ओळ: ‘प्रमुख पाहुण्यांचे स्वागत करताना मुख्याध्यापिका, शेजारी मान्यवर’. फोटोवाल्या सरांनी तो भिंतीवर मोठा करून दाखवला आणि बत्तीस मुलांना विचारलं, ‘करताना म्हणजे काय करताना?’

मराठी फोटोओळीला ‘ताना’चा रोग आहे, असं त्यांचं म्हणणं. पूजन करताना, दीपप्रज्वलन करताना, मार्गदर्शन करताना, मनोगत व्यक्त करताना. फोटोत जे दिसतंय तेच पुन्हा सांगायचं आणि वाक्य पूर्णही करायचं नाही. त्यांचा नियम: ओळ पुऱ्या क्रियापदाने संपली पाहिजे आणि तिच्यात फोटोत न दिसणारी एक तरी गोष्ट पाहिजे. तारीख, ठिकाण, किती जण, कशासाठी, पुढे काय झालं. मथळ्यात क्रियापद पहिलं गळतं आणि फोटोओळीत ते परत आणायचं, हा उलटसुलट न्याय मुलांना चटकन कळला. मला लिहून घ्यावा लागला.

मग ते माझ्या फोटोकडे वळले. ‘डावीकडून नावं सांगा.’ मी सांगितली. पाहुणे, मुख्याध्यापिका, संस्थेचे सचिव, पर्यवेक्षक. ‘आणि हे?’ अगदी उजव्या कडेला, अर्धा कापलेला, शाल-नारळाचं ताट धरून उभा असलेला माणूस. आमचे शिपाई. मामा. मी म्हटलं, मामा. ‘पूर्ण नाव?’

नऊ वर्षं रोज त्यांच्या हातचा चहा पिते. चौदा मुलं माझ्याकडे मागे वळून बघत होती. त्यातल्या एकालाही नाव माहीत नव्हतं, मलाही नाही. सर पुढच्या फोटोवर गेले, त्यांनी काही ताणलं नाही. सोमवारी मी हजेरीपुस्तकात बघितलं. विचारायला तोंड नव्हतं.

‘मान्यवर’ या शब्दाचं मग त्या वर्गात काही खरं राहिलं नाही. सर म्हणाले, मान्यवर म्हणजे ज्याचं नाव विचारायचा कंटाळा आला तो.

नावांवरून त्यांनी दुसऱ्या महायुद्धातला, इवो जिमा या जपानी बेटावरचा फोटो दाखवला. २३ फेब्रुवारी १९४५, सुरिबाची डोंगरावर झेंडा उभारणारे सहा अमेरिकन सैनिक. जगातल्या सगळ्यात जास्त छापल्या गेलेल्या फोटोंपैकी एक, आणि त्या सहा जणांच्या नावांची दुरुस्ती करावी लागली १९४७ मध्ये, मग २०१६ मध्ये आणि परत २०१९ मध्ये. चौऱ्याहत्तर वर्षं. चेहरे दिसत नाहीत, पाठमोरी माणसं, त्या वेळी कुणी धड विचारलं नाही. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांची गोष्टही सांगितली, की सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. ‘फोटोखाली कंसात छाया लिहून जे नाव येतं ना, तीही ओळच आहे, तिथेही खोटं येऊ शकतं.’ मुलींनी हे वहीत घेतलं, मुलांनी नाही. मी बघत होते.

इथे माझी एक मोठी तक्रार आहे. पुढचा फोटो केव्हिन कार्टरचा होता. १९९३, सुदान, दुष्काळ, जमिनीवर कोसळलेलं मूल आणि मागे बसलेलं गिधाड. न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आला, पुढच्या वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. सरांना सांगायचं होतं ते महत्त्वाचंच होतं: छापलेल्या ओळीत ‘लहान मुलगी’ असं होतं आणि २०११ मध्ये एका स्पॅनिश वृत्तपत्राचे पत्रकार त्या गावात पोचले तेव्हा घरच्यांकडून कळलं की तो मुलगा होता, त्या दुष्काळातून वाचलाही होता. अठरा वर्षं सगळं जग त्याला मुलगी म्हणत होतं. आठवीतल्या एकाने विचारलं, ‘म्हणजे फोटो खोटा होता?’ सर म्हणाले, ‘फोटो खरा. एक शब्द चुकला.’ उत्तम उत्तर. पण तेरा वर्षांच्या मुलांसमोर तो फोटो भिंतीएवढा, काहीही पूर्वकल्पना न देता? आमच्या एका मुलीने त्या दिवशी वडा खाल्ला नाही. मी नंतर बोलले. सरांनी ऐकून घेतलं, पण ‘रोज मोबाइलवर यापेक्षा वाईट बघतात मुलं’ असंही म्हणाले. बघतात. म्हणून आपणही दाखवायचं का?

तिसरा शनिवार मंडईत. तिघातिघांचे गट. एकाकडे फोन, एकाकडे वही, एकाचं काम फक्त नाव विचारायचं. पाऊस भुरभुरत होता, मुलांच्या वह्या भिजल्या, मजा आली. आमच्या एका गटाने मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या आजींचा फोटो काढला आणि वहीत लिहिलं, ‘भाजीवाली’. आजींना अक्षर ओळखता येत नसावं असं मुलांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी वही हातात घेतली, वाचलं आणि म्हणाल्या, ‘मला काय नाव न्हाय व्हय रं?’ मग नाव सांगितलं, गाव सांगितलं, पहाटेच्या एसटीने येते हेही सांगितलं आणि वर म्हणाल्या, आता मेथीची जुडी घ्या. घ्यावी लागली. त्या गटाची ओळ त्या दिवशी सगळ्यात चांगली ठरली, कारण तिच्यात पहाटेची एसटी होती आणि ती फोटोत दिसत नाही.

दुसऱ्या एका गटाला एका बाईंनी सरळ नकार दिला: फोटो नको. मुलांनी लांबून काढलाच. फोटोवाल्या सरांनी परत आल्यावर तो सगळ्यांसमोर पुसायला लावला. याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

मग शेवटचा अर्धा तास कायद्याचा. कंटाळवाणा होईल असं वाटलं होतं, झाला नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: अत्याचार झालेलं किंवा गुन्ह्यात सापडलेलं मूल असेल तर नाव नाही, पत्ता नाही, शाळा नाही, फोटो नाही, ओळख पटेल असं काहीच नाही. चेहरा झाकला पण खाली गावाचं आणि शाळेचं नाव दिलं तर काय उपयोग, हे मुलांनीच सांगितलं. ‘चोरटा जेरबंद’ या मथळ्यावर वाद रंगला. चोर आहे हे न्यायालयाने ठरवायचं, पोलिसांनी पकडला तो संशयित. एक मुलगा म्हणाला, ‘पण सर, संशयित लिहिलं तर एक घर जास्त जातं.’ मोजून दाखवलं त्याने. सर म्हणाले, जाऊ दे. ‘जेरबंद’ काढून ‘अटकेत’ केलं, घरं तेवढीच. चोरट्याचा ‘संशयित’ झाल्यावर ‘जेरबंद’ शोभला नसता.

चौथ्या शनिवारी मात्र सगळं घरंगळलं. ‘डिजिटल मथळे’ असा विषय होता आणि शिकवायला तिसरेच कुणी आले, तरुण, फार हुशार, फार घाईत. त्यांनी तीन तास जे शिकवलं ते पहिल्या तीन शनिवारांच्या बरोबर उलट. लोकांना अर्धवट सांगा, उत्सुकता ताणा, ‘या’ शब्दाने सुरुवात करा: ‘या गावात घडलं असं काही…’, ‘हे वाचून तुम्हीही थक्क व्हाल’. मुलांनी पुराचीच चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी मथळा दिला, ‘सांगलीकरांनो सावधान! आयर्विन पुलावरून आली मोठी अपडेट’. आमचा बोटवाला मुलगा हळूच म्हणाला, ‘किती ते सांगा ना.’ मथळेवाले सर मागे खिडकीपाशी बसून चहा पीत होते. एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटतं बोलायला हवं होतं.

अगदीच काही मिळालं नाही असं नाही. छापील पानावर ‘जिल्ह्यात पाच ठार’ चालतं, कारण वर पानाचं नाव सांगली असतं. फोनवर तोच मथळा एकटाच फिरतो, तेव्हा कुठला जिल्हा ते मथळ्यातच पाहिजे. हा मुद्दा चांगला होता. पाच मिनिटांचा होता.

त्यानंतर समारोप. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, चार भाषणं. मुलं एकमेकांना कोपरं मारत ‘करताना, करताना’ म्हणत होती. प्रमाणपत्रं मिळाली. आमच्या चौदांपैकी दोघांची आडनावं चुकलेली आणि ‘प्रशिक्षणार्थी’ हा शब्द सगळ्या बत्तीस प्रमाणपत्रांवर ‘प्रशिक्षाणार्थी’. नावं आम्ही टाइप करून पाठवली होती.

पुढे मंगळवारी स्थानिक पेपरात समारोपाचा फोटो आला, आयोजकांनीच पाठवलेला. खाली ओळ: ‘कार्यशाळेच्या समारोपप्रसंगी प्रशिक्षणार्थींना मार्गदर्शन करताना मान्यवर.’

मी तो शाळेत नेला नाही. मुलांनीच आणला, तीन प्रती, एकावर लाल स्केचपेनने पाच गोल. मधल्या सुट्टीत स्टाफरूममधून आयोजकांना फोन लावायला लावला. फोनवर नववीतली मुलगी बोलली, अतिशय नम्रपणे: ‘सर, फोटोत आम्ही बत्तीस जण आहोत आणि मार्गदर्शन कोण करतंय ते दिसतंय, पण लिहिलेलं नाही.’ पलीकडून हसण्याचा आवाज आला. ती प्रेसनोट ऑफिसातल्या मुलाने केली, साहेबांनी बघितली नाही, असं उत्तर. दुरुस्त प्रमाणपत्रं अकरा दिवसांनी आली. ‘क्षा’चा ‘क्ष’ झालेला होता, आडनावांपैकी एक अजून चुकीचंच.

शाळेत काय बदललं म्हणाल तर भिंत. जुलैच्या भित्तिपत्रकात मी एकही मथळा दिला नाही. ‘नववी ब च्या खिडकीची काच महिनाभर फुटकी’ असा एक आला, आणि काच चार दिवसांत बसली. मुख्याध्यापिकाबाई माझ्याशी त्या चार दिवसांत जरा जपून बोलत होत्या. गुरुपौर्णिमेच्या फोटोखाली सहा नावं आहेत, डावीकडून, सहावं शिपाईमामांचं, आडनावासकट. एका मुलाने ‘मामांनी सकाळी साडेसहाला येऊन एकट्याने दीडशे खुर्च्या मांडल्या’ असं लिहिलंय. मी आकडा विचारून घेतला. एकशे चाळीस निघाल्या, खोडून दुरुस्त केलंय.

परीक्षेचं मात्र अवघड आहे. चाचणीत एकीने वृक्षारोपणावर मथळा दिला, ‘चाळीस रोपे लावली, पाणी घालण्याची जबाबदारी सातवीकडे’. मी पाचपैकी पाच दिले. दुसऱ्या तुकडीच्या बाईंनी अशाच उत्तराला तीन दिले, ‘उत्साह दिसत नाही’ म्हणून. बोर्डाचा पेपर कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही, तेव्हा दहावीच्या मुलांना पाठवायचं का, यावर मी अजून अडले आहे. आठवी-नववीला बेलाशक पाठवा.

आता कामाचं. पाणी घरून न्या, तिथला माठ साडेतीनला संपतो. स्वच्छतागृह एकच, तेही खाली छापखान्यात, आणि मुलींना कामगारांमधून जावं लागतं. हे आयोजकांना मी लेखी कळवलं आहे. खाऊच्या नावाखाली एक वडा, चौथ्या शनिवारी तोही नाही. चौकटीची वही आणि पेन्सिल लागते, पत्रकात लिहिलेलं नाही. मुलाकडे फोन नसला तरी अडत नाही, तिघांत एक पुरतो. पुढे पत्रकार होण्याचा मार्ग वगैरे विचारणारे पालक पहिल्या दिवशी जिन्यात भेटले होते. त्यांनी पैसे वाचवावेत, तसलं तिथे काही नाही. नाव विचारायला लाजणारं मूल घरात असेल तर तिसऱ्या शनिवारसाठी तरी पाठवा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा फोटोओळीच्या शनिवारमुळे वाढला, तोच शेवटच्या शनिवारने परत नेला.

दिवाळीनंतर पुढची बॅच आहे. मी आठवीची दहा मुलं सांगून ठेवली आहेत आणि शेवटचा शनिवार गाळून तीनच शनिवारांचे पैसे घेता का, असंही विचारलं. नाही म्हणाले.